चंद्रकांतेचे वाचक
(ट्रस्टच्या अमृतमहोत्सवात वाचनालयाच्या दिवाणखान्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय कळवावा असे कार्यवाहांचे पत्र आले, तेव्हा आम्ही 'बाबू देवकीनंदन खत्री आणि त्यांचे वाचक' एवढेच लिहून पाठविले. दोन दिवसांनी निरोप आला, की विषय उत्तमच आहे, पण लष्करातील मराठी समाजाच्या महोत्सवात हिंदी कादंबरीकार कशासाठी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते, ते याच इमारतीतील कपाटात होते. आमच्या हाती वाचनालयाचे काम होते त्या वर्षांत आम्ही जुन्या देवघेवीच्या वह्या उलटून पाहिल्या. मराठी नावांच्या त्या रांगांसमोर पुन्हा पुन्हा एकच नोंद येते : 'चं. संतति, भाग अमुक'. कुठे अक्षर कारकुनी वळणाचे, कुठे नुकत्याच लिहू लागलेल्या बाईचे. एका कुटुंबात एक भाग परत येतो आणि त्याच दिवशी पुढचा जातो. मध्यंतरी पंधरा दिवसांचा खंड पडला, तर त्या घरी लग्न किंवा आजारपण असणार असे खुशाल समजावे.

त्या नावांत आमच्या आजीचेही नाव आहे. ती सातारकडून लग्न होऊन इकडे आली तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला पोथी वाचण्यापुरते बाळबोध अक्षर येत होते. हिंदी मात्र मुळीच येत नसे. भाजीवालीशी बोलावयाचे तर आजोबांच्या आईला पुढे करावे लागे. शेजारी एक मुन्शीजी राहत. त्यांचे शिक्षण सारे उर्दू-फारसीत झालेले, त्यामुळे बोलणे जितके गोड तितकेच नागरी अक्षराशी वैर. या दोन घरांत मिळून 'चंद्रकांता'ची एक प्रत आली. आजीला अक्षर वाचता येई पण शब्द कळत नसत. मुन्शीजींना शब्द कळत पण अक्षर वाचता येत नसे. मग मधल्या भिंतीच्या खिडकीशी बसून आजी मोठ्याने वाची आणि पलीकडून मुन्शीजींच्या घरातली माणसे ऐकत व अडलेला शब्द समजावून देत. पहिला भाग संपेतो आजी बाजारात एकटी जाऊ लागली होती. मुन्शीजींना मात्र पुढच्या भागासाठी आजीच्या स्वयंपाकाची वाट पाहणे असह्य झाले, आणि ते पोराची पाटी घेऊन अक्षरे गिरवू लागले. घरातील गोष्ट म्हणून आम्ही ती सांगत नाही. खत्रींच्या वाचकांचा सारा इतिहास त्या खिडकीत आहे, म्हणून सांगतो.

आता या गृहस्थांविषयी थोडेसे. देवकीनंदन खत्री यांचा जन्म १८६१ साली बिहारात मुझफ्फरपूरकडे, आजोळी झाला. त्यांचे घराणे मूळचे पंजाबकडचे, पुढे काशीत स्थिरावलेले. आरंभीचे शिक्षण उर्दू-फारसीचे. हिंदी आणि संस्कृत नंतर. काही काळ गयेकडील टिकारी संस्थानाशी संबंध ठेवून व्यापार केला, मग काशीस परतले आणि काशीनरेशांच्या मुलखातील चकिया व नौगढ येथील जंगलांचा ठेका घेतला. लाकडाच्या ठेकेदाराने जंगलात झाडे मोजावीत. हा मनुष्य पडके किल्ले, बुजलेल्या विहिरी, भुयारे आणि टेकड्यांतील खोऱ्या पाहत हिंडला. पुढे ठेका सुटला. हाती काय उरले, तर ते अवशेष आणि डोक्यात साठलेल्या फारसी दास्ताना. या दोहोंची सांगड घालून १८८८ च्या सुमारास 'चंद्रकांता' बाहेर पडली. १८९८ साली त्यांनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. ठेका टिकला असता तर एक सुखवस्तू लाकूडव्यापारी काशीत नांदला असता आणि आमच्या आजीला बाजारात जायला आणखी काही वर्षे लागली असती.

ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह आणि विजयगढची राजकुमारी चंद्रकांता यांचे प्रेम. वजिराचा मुलगा क्रूरसिंह याचे कपट. चुनारचा राजा शिवदत्त याची वक्रदृष्टी. एवढ्यावर चार भाग उभे आहेत. खरी गंमत ऐयारांची. 'ऐयार' म्हणजे राजाच्या पदरचा हेर, बहुरूपी, धावणारा, दोर टाकून तटावर चढणारा, आणि वेळ पडली तर वैद्यही. त्याच्या बटव्यात बेशुद्ध करण्याची पूड असते आणि शुद्धीवर आणणारा लखलखाही असतो. सापडलेल्या ऐयाराला कैदेत टाकावे, जिवे मारू नये, असा रिवाज राजे पाळतात. तेजसिंह, देवीसिंह ही नावे एका काळी उत्तरेकडील मुलांच्या खेळात होती. चपला ही बाई असून ऐयारीत कोणा पुरुषाला हार जाणारी नव्हे, आणि आमच्या वह्यांतील बायकांच्या नोंदींचे निम्मे कारण चपलाच असावी असा आम्हांस दाट संशय आहे.

दुसरी गंमत तिलिस्माची. शब्द मुळात ग्रीक, अरबीतून फारसीत आणि तेथून इकडे आलेला. जुन्या राजांनी खजिना ठेवण्यासाठी बांधलेले मायावी स्थान, आणि ते फोडणाऱ्याचे नाव आधीच ठरलेले. अमीर हमजाच्या दास्तानांत तिलिस्म जादूगारांचे असते. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने त्या दास्तानांचे प्रचंड खंड याच सुमारास छापले, त्यांतील 'तिलिस्म-ए-होशरुबा' प्रसिद्धच आहे. खत्रींनी तिलिस्म घेतले पण जादूगार बाहेर ठेवले. त्यांच्या तिलिस्मात माणसाला गिळणारा संगमरवरी बगळा आहे, मात्र भूतपिशाच नाही. चमत्काराच्या मागे बहुधा कळ असते, यंत्र असते, औषधी असते. आणि ती वाचकाला शेवटी दाखविली जाते. विजयगढ आणि चुनार हे किल्ले तर नकाशावर आहेत, आजही जाऊन पाहता येतात. आम्ही चुनारला गंगेच्या काठी उभे राहून पाहिले आहे. किल्ला पाहून मन भरते, तरी डोळे भुयाराचे तोंडच शोधत राहतात.

आता वाचकांकडे वळू. तो काळ लिपीच्या भांडणाचा होता. वायव्य प्रांतातील कचेऱ्यांत उर्दू लिपी चाले. नागरीलाही जागा मिळावी म्हणून अर्ज, सभा, शिष्टमंडळे चालली होती. १८९३ साली काशीत नागरीप्रचारिणी सभा निघाली. पंडित मदनमोहन मालवीयांनी त्या कामी मोठा खटाटोप केला. आणि १९०० साली सरकारने कचेऱ्यांत नागरीला मुभा दिली. हे सर्व आवश्यक होते, त्याचे महत्त्व आम्ही कमी करीत नाही. परंतु सरकारी ठरावाने कचेरीत अर्ज घेता येतो, घरात वाचक निर्माण होत नाही. ते काम त्याच काशीत एक जण तेजसिंहाच्या वेषांतरांनी करीत होता. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात हे स्वच्छ नमूद केले आहे, की खत्रींनी जितके वाचक निर्माण केले तितके दुसऱ्या कोणा ग्रंथकाराने केले नाहीत, आणि केवळ 'चंद्रकांता' वाचण्यासाठी कित्येक उर्दू जाणणारे हिंदी शिकले. मात्र आचार्यांनी त्या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसू दिले नाही. त्यांत घटनांचे वैचित्र्य आहे, रस आणि चरित्रचित्रण नाही, असा त्यांचा निकाल.

निकाल आम्हांस मान्य आहे का? बराचसा आहे. वीरेंद्रसिंह पहिल्या पानावर जसा आहे तसाच शेवटच्या पानावर. 'संतती'चे भाग चोवीस. मधल्या भागांत कोण कोणाच्या वेषात आहे हे विसरून आम्हीही दोन वेळा मागे फिरलो आहोत. पण ज्या पुस्तकासाठी संसारी माणूस पाटी घेऊन बसतो, त्याला कोटी कोणती द्यावी हे ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. शिवाय खत्रींना आपण काय करतो आहोत याची जाण होती. आरंभी त्यांनी भाषा मुद्दाम सोपी, बोलण्यातली, उर्दू मिसळलेली ठेवली. वाचक रुळत गेला तसतसे संस्कृत शब्द वाढवीत नेले. 'संतती'च्या अखेरीस त्यांनी हे स्वतःच सांगून टाकले आहे. वाचकाला न कळत त्याला एकेक पायरी वर चढविणे, हीसुद्धा ऐयारीच म्हणावयाची!

१९१३ साली खत्री वारले तेव्हा 'भूतनाथ' अर्धवट राहिला होता. काही भाग त्यांच्या हातचे. उरलेले त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहून पुरे केले. वाचकांनी मुलाला सोडले नाही, असेच म्हटले पाहिजे. तसेच वाचक पुढेही निघत राहिले. १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' मालिका सुरू झाली तेव्हा रविवारी सकाळी आपल्या गल्लीत कुत्रेही भुंकत नसे. मालिकेने कथा बरीच बदलली होती, आणि आमच्या घरातील वडीलधारी मंडळी प्रत्येक प्रसंगाला 'पुस्तकात असे नाही' म्हणून पडद्याशी भांडत असत. भांडत, पण उठत नसत.

आपल्याकडे असे कोणी झाले नाही काय? झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस गोष्टी मराठीत आणल्या. हळब्यांची 'मुक्तामाला', रिसबुडांची 'मंजुघोषा' अद्भुतावरच पोसलेल्या. नाथमाधवांची 'वीरधवल' १९१३ ची, म्हणजे काशीत खत्री गेले त्याच वर्षीची. सिंहगडावरून कोसळून शरीराचा खालचा भाग निकामी झालेला हा मनुष्य अंथरुणावर पडून घोडदौडी लिहीत होता! हरिभाऊ आपट्यांनंतर आपल्या टीकाकारांना वास्तवाची गोडी लागली, ते योग्यच झाले. पण अद्भुताची कपाटे त्यांनी जरा जोरातच लावून घेतली.

आता ज्या कारणासाठी हा विषय घेतला ते सांगतो. विश्वस्तांपुढे एक सूचना आहे, ती आपण सर्व जाणता. वाचनालयाची मागील खोली रिकामी करावी, जुनी मराठी-हिंदी पुस्तके कुणा संस्थेस द्यावीत, न घेतल्यास रद्दीत काढावीत आणि खोली भाड्याने द्यावी. भाड्यातून विद्यार्थ्यांना साहाय्य होईल. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे आणि त्यांचा मुद्दा खोटा नाही : आमची नातवंडे मराठी वाचत नाहीत, मग पुस्तके कोणासाठी?

याच प्रश्नावर आम्ही पुन्हा त्या खिडकीशी जातो. आजीपाशी लिपी होती, भाषा नव्हती. मुन्शीजींपाशी भाषा होती, लिपी नव्हती. आणि आपल्या नातवंडांपाशी? घरी आजीशी मराठी बोलतात, म्हणजे भाषा आहे. शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे तीच नागरी लिपी आहे. एक 'ळ' तेवढा नवा! या दोघांपेक्षा त्यांची वाट कितीतरी सोपी आहे. नाही ती फक्त गरज. मातृभाषेच्या अभिमानावर आम्ही त्यांना दर वर्षी भाषण ऐकवितो, वक्तृत्वाचे चषक देतो. पण 'पुढे काय झाले?' असे त्यांना विचारावेसे वाटेल असे पुस्तक कधी हातात दिले? आमची एक नात इंग्रजीतील जादूगारांचे जाडजूड खंड जेवणाच्या ताटाशी घेऊन बसते. तिला दटावताना आम्हांस आजीचा करपलेला भात आठवतो आणि आम्ही गप्प बसतो. वाचनाचे वेड तिला आहेच, आम्ही फक्त तिच्या वाटेत आमचे पुस्तक ठेवलेले नाही.

म्हणून आमची सूचना लहान आहे. खोली एक वर्ष राहू द्यावी. चषकांचा खर्च एक वर्ष थांबवून त्यातून अद्भुतरम्य, साहसाची, चांगल्या ठसठशीत टाइपातील मराठी पुस्तके घ्यावीत. शनिवारी संध्याकाळी कोणी तरी मोठ्याने वाचावे आणि ऐन रंगात आले की पुस्तक मिटून ठेवावे. मिटून ठेवण्याचे काम आम्ही पत्करतो. ते आम्हांस चांगले जमते. वर्षअखेरीस वही पाहावी. वही कोरी राहिली तर खोली भाड्याने द्यावी, आम्ही पहिले मत तसे देऊ.

जाता जाता एक विनंती. 'संतती'च्या आपल्या संचात अकरावा भाग नाही. वहीप्रमाणे तो गेला आहे आणि परत आल्याची नोंद नाही. नाव वाचता येते, पण सांगत नाही. त्या घरची मंडळी आज येथे आहेत. माळ्यावर पाहावे, आणि सापडल्यास गुपचूप कार्यवाहांच्या टेबलावर ठेवून जावे. उशिराचा दंड आकारला जाणार नाही.