अवघड प्रश्नांची शिरगणती

घरे, गुरे आणि चुली मोजण्यास कोणतेही सरकार कचरत नाही. बंद दाराआडच्या आयुष्यासंबंधी प्रश्न विचारावयाचे झाले, म्हणजे मात्र राज्यकर्त्यांची वाचा बसते. ब्रिटनमध्ये १९८९ साली नेमके हेच घडले. एड्सचा फैलाव होत होता. तो कोणत्या वाटेने व किती वाढेल याचा अंदाज बांधावयाचा, तर लोकांचे लैंगिक वर्तन प्रत्यक्षात कसे आहे हे कळणे अवश्य होते. अमेरिकेतील किन्सी यांचे १९४८ व १९५३ सालचे ग्रंथ गाजले होते खरे. पण त्यांतील माणसे चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी निवडलेली नव्हती. बोलावयास राजी झालेल्यांवरून साऱ्या राष्ट्राचा हिशेब मांडणे म्हणजे जत्रेतील गर्दीवरून गावाची खानेसुमारी करण्यासारखेच होते.

ही उणीव भरून काढण्यासाठी जो छोटासा संशोधकगट पुढे आला, त्यात के वेलिंग्ज या समाजशास्त्रज्ञ विदुषी होत्या. त्यांच्या जोडीला साथरोगतज्ज्ञ अ‍ॅन जॉन्सन, संख्याशास्त्रज्ञ जेन वॉड्सवर्थ आणि पाहणीच्या कामात मुरलेल्या ज्युलिया फील्ड. चौघीही स्त्रिया, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पूर्वतयारी झाली, प्रश्नावली सिद्ध झाली, आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पैसा नाकारला. नागरिकांच्या खाजगी जीवनात ही ढवळाढवळ होईल, अशी शंका होती. लवकरच वेलकम ट्रस्ट या खाजगी निधीने खर्चाचा भार उचलला. १९९० व १९९१ या दोन वर्षांत १६ ते ५९ वयाच्या १८,८७६ स्त्रीपुरुषांनी घरोघर आलेल्या अनोळखी प्रश्नकांना उत्तरे दिली. ज्यांना लोकांच्या लज्जेची एवढी काळजी वाटत होती, त्यांच्यापेक्षा लोकच अधिक धीट निघाले असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात हा धीटपणा आपोआप आला नाही. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावा, येथपासूनच अडचण होती. या विषयाला एक पंडिती भाषा असते आणि एक चव्हाट्यावरची. मधली, घरात चारचौघांत उच्चारता येईल अशी, सहसा नसते. मराठी माणसाला हे समजावून सांगावयास नको. पूर्वतयारीच्या मुलाखतींत असे दिसले, की लोकांना औपचारिक शब्दच बरे वाटतात, परंतु त्यांचा अर्थ सर्वांना सारखा ठाऊक असतोच असे नाही. तेव्हा अर्थ आधी स्पष्ट करून द्यावा लागला. काही उत्तरे छापील पत्रिकेवरील नुसते अक्षर सांगून द्यावयाची होती, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोध होऊ नये. अगदी नाजूक प्रश्न एका पुस्तिकेत होते. ती स्वतः भरून पाकिटात बंद करून द्यावयाची. तोंडी जे सांगवले नव्हते, ते या पुस्तिकेत पुष्कळांनी लिहिले.

या पाहण्या पुढे साधारण दर दहा वर्षांनी होत गेल्या. त्यांतून कधी गमतीचे कोडेही उभे राहिले. २०१० ते २०१२ या काळातील तिसऱ्या पाहणीत पुरुषांनी आयुष्यातील जोडीदारांची सरासरी सुमारे १४ सांगितली, स्त्रियांनी सुमारे ७. गणिताने दोन्ही आकडे जवळपास जुळावयास हवेत! पुढे केलेल्या पृथक्करणात दिसले, की स्त्रिया एकेक आठवून मोजण्याकडे अधिक झुकतात, आणि पुरुष अदमासे ठोकून देतात. सगळी तफावत एवढ्याने मिटली नाही. पण खोटे बोलल्याचा आरोप करण्याआधी मोजण्याची रीत पाहावी, एवढे त्यावरून उमगले.

तरुणांच्या पहिल्या शरीरसंबंधाविषयी बोलताना सारे जग वयाचा आकडा धरून बसते. वेलिंग्जबाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली निराळेच चार प्रश्न पुढे मांडले. दोघांची इच्छा सारखीच होती काय? निर्णय स्वतःचा होता, की दारूचा वा सोबत्यांच्या दडपणाचा? गर्भनिरोधनाची तजवीज होती काय? आणि ती वेळ योग्य होती, असे मागाहून वाटते काय? वय वाढते तशी ही उत्तरे सुधारतात, हे खरे. पण पुष्कळ वयस्क झालेल्यांचीही उत्तरे समाधानकारक नव्हती.

त्यांच्या कार्याचा याहूनही मोलाचा भाग म्हणजे गर्भधारणेविषयीचा विचार. 'हे मूल ठरवून झाले काय?' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर अपेक्षिण्याची शास्त्रज्ञांची रूढी होती. जेराल्डिन बॅरेट यांच्यासह त्यांनी स्त्रियांशी सविस्तर बोलून पाहिले, तेव्हा 'ठरवून' हा शब्द स्त्रिया फार जपून वापरतात असे आढळले. मूल व्हावे असा हेतू हवा, त्यासाठी गर्भनिरोधन थांबविलेले हवे, जोडीदाराची संमती हवी, आणि आयुष्यातील वेळही योग्य हवी. एवढे सारे जुळले तरच तो शब्द. पुष्कळ गर्भधारणा या मधल्या प्रांतातच होतात. म्हणून २००४ साली सारा स्मिथ यांच्या साहाय्याने सहा प्रश्नांचे एक मापन सिद्ध झाले. शून्यापासून १२ पर्यंत गुण, ३ पर्यंत अनियोजित, १० पासून पुढे नियोजित, आणि मधल्या साऱ्या दोलायमान. तिसऱ्या पाहणीत हे माप लावले असता सुमारे १६ टक्के गर्भधारणा अनियोजित निघाल्या, पण त्यांतील बहुसंख्य २० ते ३४ वयाच्या स्त्रियांच्या होत्या. वृत्तपत्रे मात्र अल्पवयीन मुलींच्या नावाने बोटे मोडीत होती. त्या मुलींविषयी सांगावयाचे तर, १९९९ साली इंग्लंडच्या सरकारने जी योजना आखली तिचे मूल्यमापनही वेलिंग्जबाईंनीच केले. १८ वर्षांखालील मुलींच्या गर्भधारणांचे प्रमाण १९९८ साली हजारी सुमारे ४७ होते, ते २०१४ पर्यंत निम्म्यावर आले. जेथे दारिद्र्य अधिक व खर्चही अधिक, तेथे घट अधिक झाली.

सहा प्रश्नांचे ते मापन पुढे इतर देशांतही गेले. बंगळूर येथील स्त्रियांमध्ये कन्नड व तामीळ भाषांतून त्याची पारख झाली आणि तिचा निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या सहांपैकी एक प्रश्न असा, की मुलाविषयी जोडीदाराशी आधी बोलणे झाले होते काय? ज्या घरांत हा विषय बहुधा सासूबाईच काढीत आल्या, तेथील सुनांना तो येथे सरळ विचारला गेला.