घोरपड फुसकारली तर

सोयाबीनची गंजी हलवताना खालून घोरपड निघाली, की आपल्या वाशीम-मंगरूळपीरकडे आधी काठी शोधली जाते. तिचा गळा फुगतो, फुसकारा सुटतो, शेपटीचा फटका बसतो. हा राग नव्हे, भीती. वाट मोकळी मिळाली, की ती आपसूक बांधाकडे सरकते. तिथे उंदीर, किडे, अंडी आहेतच.

माणसाळवायचा विचार मात्र नकोच. तानाजी मालुसऱ्यांच्या यशवंती या घोरपडीची कथा ऐकायला छान. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, पाळणं, मारणं, सगळा गुन्हा. आणि धनलाभासाठी मुळी म्हणून विकली जाणारी ती ‘हत्थाजोडी’? मुळी कसली, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय!

घरात शिरलीच, तर कुत्रं बांधा, दार उघडं ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन लावा.