शिक्षा आणि शिक्षण : पित्याच्या हाताखाली

  महाराष्ट्रात, गोव्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदूरात, जिथे कुठे आपण ऐकत असाल, तिथे आपलं पवित्र शास्त्र उघडा आणि इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय समोर ठेवा. वचनं ४ ते १३. आजचा विषय आहे, देव आपल्याला शिक्षा करतो तेव्हा आपण काय करायचं?

‘शिक्षा’ हा शब्द ऐकला की आपल्या मराठी मनात काय येतं? छडी, कोर्ट, तुरुंग. पण हाच शब्द हिंदीत गेला की त्याचा अर्थ शाळा होतो, शिक्षण होतो. इथे चेन्नईत आमचे तमिळ बांधव त्यांच्या बायबलमध्ये याच ठिकाणी ‘सिट्चै’ असं वाचतात. तो आपलाच संस्कृत ‘शिक्षा’ शब्द, तमिळ तोंडातून आलेला. आणि मूळ ग्रीक शब्द आहे ‘पायदेइया’. त्यात ‘पाइस’ म्हणजे मूल. मुलाला वाढवणं, वळण लावणं, वेळप्रसंगी रागावणं, हे सगळं त्या एका शब्दात आहे. न्यायाधीश गुन्हेगाराला शिक्षा देतो आणि त्याचं काम संपतं. बाप मुलाला शिक्षा करतो तेव्हा त्याचं काम चालूच असतं, कारण मूल घरातच राहणार असतं. वधस्तंभावर आपल्या पापाचा दंड प्रभूने भरला. तो दंड देव पुन्हा आपल्याकडून वसूल करत नाही. आता उरलं आहे ते बापाचं वळण लावणं.

५ व्या वचनात लेखक दोन चुकीच्या वाटा दाखवतो.

पहिली वाट, हलक्यात घेणं. ‘चालायचंच, ग्रह फिरलेत, साहेब वाईट आहे, उद्या ठीक होईल.’ देव बोलतो आहे आणि आपण मोबाईलचा आवाज बंद करतो.

दुसरी वाट, खचून जाणं. ‘देवाने मला टाकलं. मी कितीही प्रार्थना केली तरी काय उपयोग?’ बंधूंनो, लेखक नेमकं उलटं सांगतो. ज्याला वळण लावायला कोणीच नाही, तो पोरका. ज्याला लावलं जातं, तो घरातला.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ या, कारण इथे फार जखमा झालेल्या आहेत. हे पत्र ज्यांना लिहिलं ते कोण होते? १० व्या अध्यायात दिसतं की त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, चारचौघांत त्यांची अप्रतिष्ठा झाली होती. ते दुःख त्यांच्या एखाद्या लपलेल्या पापामुळे आलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायामुळे आलं होतं. तरीही लेखक म्हणतो, यातूनसुद्धा तुमचा पिता तुम्हाला घडवतो. म्हणजे प्रत्येक संकट हा पापाचा हिशेब नव्हे. योहान ९ मध्ये शिष्यांनी आंधळ्याकडे बोट दाखवून विचारलं, पाप कोणाचं? प्रभूने तो प्रश्नच नाकारला. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली. ती इतरांहून अधिक पापी होती का? प्रभू म्हणाला, नाही. तुम्ही स्वतःकडे पाहा.

या शहरातलंच उदाहरण घ्या. चेन्नईतून बकिंगहॅम कालवा वाहतो. आज त्यात उन्नत रेल्वेचे खांब उभे आहेत. अड्यार आणि कूवम या दोन नद्यांना जोडणारा त्याचा सुमारे ८ किलोमीटरचा भाग १८७७-७८ मध्ये दुष्काळी काम म्हणून खणला गेला. पाऊस हुकला होता हे खरं. पण धान्य बाहेर जात राहिलं हेही खरं. सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या पुरुषाला दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी ठरवली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या उपाशी मजुरांना ‘ही तुमच्या पापाची शिक्षा’ असं सांगणारा माणूस देवाच्या वतीने बोलत नव्हता. तिथे माणसांच्या धोरणाचं पाप होतं.

त्याच सुमारास मद्रास इलाख्यात एक मराठी कुटुंब पुराणं सांगत तीर्थांमागून तीर्थं फिरत होतं. अनंतशास्त्री डोंगरे, लक्ष्मीबाई आणि त्यांची मुलं. इथून तीन-चार तासांच्या वाटेवर असलेल्या तिरुपतीच्या परिसरात हे लोक दिवसेंदिवस उपाशी राहिले. वडील गेले, आई गेली, मग थोरली बहीण गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. हीच पुढे पंडिता रमाबाई. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये तिने बाप्तिस्मा घेतला.

हे सारं का घडलं, याचं उत्तर मी देणार नाही. पण त्याचं पुढे काय झालं, ते बघा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. तेव्हा रमाबाईंना वीस वर्षांपूर्वीची स्वतःची भूक आठवली. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना, विधवांना घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. १२ आणि १३ वी वचनं हेच सांगतात : गळालेले हात सरळ करा, पायांसाठी वाटा नीट करा. कशासाठी? लंगडणाऱ्याचा पाय आणखी मुरगळू नये म्हणून, तो बरा व्हावा म्हणून. देवाच्या हाताखाली शिकलेल्या माणसाची ओळख हीच. त्याच्या वाटेवरून दुसरा लंगडा चालू शकतो.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी.

एक, थांबा आणि स्वतःला तपासा. दुसऱ्याला नव्हे, स्वतःला. नाथान संदेष्टा दाविदासमोर उभा राहिला तेव्हा दाविदाने कारणं दिली नाहीत. पाप कबूल केलं. एखादं पाप स्पष्ट दिसत असेल, खोटा हिशेब, लपवलेलं नातं, भावाशी मोडलेलं बोलणं, तर आजच सोडा. ज्याचं नुकसान केलं त्याला भरून द्या.

दोन, काहीच सापडलं नाही तर उगाच उकरत बसू नका. ‘प्रभू, यात मला काय शिकवतोस?’ एवढं विचारा आणि उपायही करा. आजार आहे तर डॉक्टरकडे जा, नोकरी गेली तर अर्ज करा. औषध घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. आणि घरात कोणी मारहाण करत असेल आणि त्याला देवाची शिक्षा म्हणत असेल, तर भगिनींनो, ते खोटं आहे. पिता आपल्या हितासाठी, आपण त्याच्या पवित्रतेचे भागीदार व्हावं म्हणून वळण लावतो, असं १० वं वचन सांगतं. मारणाऱ्याचा हात म्हणजे पित्याचा हात नव्हे. मदत मागा, सुरक्षित ठिकाणी जा. मंडळीने अशा बहिणीच्या पाठीशी उभं राहावं.

तीन, टिकून राहा. ११ व्या वचनात ‘सराव झालेल्यांना’ फळ मिळतं असं आहे. तिथला ग्रीक शब्द व्यायामशाळेतला आहे. आखाड्यात पहिल्या आठवड्यात फक्त अंग दुखतं. लेखक प्रामाणिक आहे. शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, असंच तो म्हणतो. म्हणून रडणाऱ्याला ‘रडू नको’ म्हणू नका. त्याच्याबरोबर बसा. फळाला वेळ लागतो.

चला, प्रार्थना करू या. हे पित्या, तुझा हात आम्हाला जड वाटतो तेव्हाही तो बापाचाच आहे हे आम्हाला कळू दे. आमचं पाप आम्हाला दाखव. जे आमचं पाप नाही, त्याचं ओझं आमच्या खांद्यावरून उतरव. आणि आम्ही जे सोसलं, त्यातून कोणासाठी तरी वाट सरळ होऊ दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.