अध्यक्षीय भाषण : ताण, मेंदूतील रसायने आणि व्यसन



अध्यक्षाने आरंभी आपल्या अपात्रतेची कैफियत मांडावी आणि श्रोत्यांनी ती मनातल्या मनात मंजूर करावी, ही आपल्या परिषदांची जुनी वहिवाट मी आज मोडतो. कारण वेळ थोडा आहे, आणि विषय असा आहे की त्याविषयी समाजाने फार पूर्वीच निकाल देऊन दफ्तर बांधून ठेवले आहे. व्यसनी मनुष्य सुखलोलुप असतो, त्याला मौज हवी असते आणि त्या मौजेपायी तो बायकोचे मंगळसूत्र गहाण टाकतो, असा तो निकाल. पहिल्या चार-सहा महिन्यांच्या व्यसनाला तो कदाचित लागू पडेल. पण व्यसनमुक्तीच्या कामात ज्या माणसांशी तुमची-आमची गाठ पडते, त्यांची मौज केव्हाच संपलेली असते, आणि तरीही ती पुन्हा पुन्हा त्याच वाटेने का जातात, हा आपल्या व्यवसायातील खरा प्रश्न आहे.

सुखाच्या उपपत्तीला काही काळ विज्ञानाचाही टेकू होता, हे मान्य केले पाहिजे. १९५४ साली माँट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्‌स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत तारेचे बारीक टोक रोवले, आणि तरफ दाबताच तेथे सूक्ष्म विद्युत्प्रवाह पोहोचावा अशी तजवीज केली, तेव्हा तो प्राणी ती तरफ अखंड दाबत राहिला. पुढे स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी डोपामीनचे महत्त्व उघड केले, आणि दोन्ही सूत्रे एकत्र येऊन ‘सुखाचे रसायन’ ही बिरुदावली त्या बिचाऱ्या रेणूला कायमची चिकटली. वस्तुतः वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की फळाच्या रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला तरच डोपामीनच्या पेशी उद्दीपित होतात, आणि पुढे रसाऐवजी रस येणार असल्याची खूण दिसताच त्या जाग्या होतात. म्हणजे हे रसायन उपभोगापेक्षा ओढीचे अधिक. गर्द, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, सोडून वर्ष झालेल्या तरुणाचे हात, ज्या पन्नीवर तो ते ओढत असे तसली सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी नुसती पाहून का थरथरू लागतात, हे यावरून समजते.

परंतु ओढ हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग ताणाचा आहे, आणि योगायोग असा की त्याचीही सुरुवात माँट्रियललाच झाली. तेथे हान्स सेल्ये यांनी १९३६ साली, निरनिराळ्या आघातांना शरीर एकाच ठरावीक रीतीने तोंड देते, असे मांडले. त्या प्रतिसादाची गुरुकिल्ली मात्र १९८१ साली हाती लागली, जेव्हा वायली वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढीच्या मेंदूतून ४१ अमिनो आम्लांची एक साखळी वेगळी काढली. तिला सीआरएफ म्हणतात. हायपोथॅलॅमसमधून निघणारी ही आज्ञा पियुषिका ग्रंथीमार्फत अधिवृक्क ग्रंथीपर्यंत पोहोचते आणि रक्तात कॉर्टिसोल उतरते, हे पाठ्यपुस्तकात आहेच; आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, भय आणि अस्वस्थता यांचे ठाणे असलेल्या अमिग्डलामध्येही सीआरएफ काम करते, आणि मद्य, अफू, कोकेन, निकोटिन यांपैकी कोणताही पदार्थ दीर्घकाळ घेऊन एकदम बंद केला, की तेथे सीआरएफचा उद्रेक होतो. जॉर्ज कूब यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा पाठपुरावा केला. बाहेरून रोज सुख ओतले जाऊ लागले, की मेंदू समतोल राखण्यासाठी आतून त्याच्या उलट दिशेने जोर लावतो. डोपामीनचा प्रतिसाद मंदावतो, डायनॉर्फिनसारखी खिन्नता आणणारी द्रव्ये वाढतात, आणि पदार्थ उतरला की उरतो तो केवळ हा उलटा जोर. ‘डॉक्टर, आता मजेसाठी कोण घेतो? नॉर्मल वाटावं म्हणून घेतो,’ हे वाक्य तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलेले नाही, त्यांनी अजून बाह्यरुग्ण विभागात पुरेसा वेळ काढलेला नाही, असे मी खुशाल म्हणेन.

आणि पुन्हा माँट्रियल! १९९५ साली यावीन शहाम आणि जेन स्ट्युअर्ट यांनी, हेरॉइनसाठी तरफ दाबायला शिकलेल्या उंदरांना तरफ दाबूनही काही मिळणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवले. हळूहळू त्यांनी नाद सोडला. हेरॉइनविना कित्येक आठवडे लोटल्यावर मग पायाखालच्या सळ्यांतून थोडा वेळ थांबून थांबून विजेचे हलके झटके दिले, तेव्हा ते प्राणी उठून नेमक्या त्याच विसरलेल्या तरफेकडे गेले. सीआरएफचा मार्ग रोखणारे औषध आधी दिले असता ही धाव पुष्कळच ओसरते, असे पुढे आढळले. आपल्याकडच्या केसपेपरांवर ‘स्लिप कशी झाली?’ या रकान्यात काय लिहिलेले असते ते आठवा : पगार थकला, भावाशी वाटणीवरून भांडण झाले, सोसायटीची नोटीस आली, मुलीचे लग्न मोडले. पदार्थ समोर आला म्हणून स्लिप झाल्याच्या नोंदी असतात, नाही असे नाही, पण ताणाच्या या नोंदी वाचताना मला त्या पिंजऱ्यातल्या सळ्या दिसतात.

ताण म्हणजे केवळ एखादा प्रसंग नव्हे, तर समाजातील स्थानही, हे सुचवणारा एक प्रयोग अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठात झाला आणि २००२ साली प्रसिद्ध झाला. एकेकटी राहिलेली मकाक माकडे चार-चारांच्या गटांत ठेवली. गटावर ज्यांचा अंमल बसला, त्यांच्या मेंदूतील डोपामीनचे डी-२ ग्राहक वाढले आणि कोकेनची त्यांना फारशी मातब्बरी वाटेना. जी दबून राहिली, त्यांच्यात तो बदल झाला नाही आणि ती कोकेन भराभर घेऊ लागली. माकडांवरून माणसांविषयी सिद्धान्त ठोकण्याची घाई करू नये, हे खरे. पण व्हिएतनाममध्ये हेरॉइनच्या आहारी गेलेले अमेरिकी सैनिक १९७१ साली मायदेशी परतले, तेव्हा ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग काढला. तीन वर्षांत त्यांतले १२ टक्केच काही काळ पुन्हा व्यसनाधीन झाले. मेंदू तेच होते. रणांगण, परकेपणा आणि हाताशी असलेला स्वस्त माल मागे राहिला होता.

मग ताण रोखणारी गोळी का नाही? प्रयत्न झाला. उंदरांत गुणकारी ठरलेली सीआरएफरोधक औषधे मद्यपी रुग्णांना देऊन पाहिली, आणि त्यांची तल्लफ काही कमी झाली नाही. मला याचे फारसे आश्चर्य वाटले नाही. माणसाचा ताण एका रेणूत साठवलेला नसतो. तो घरभाड्यात, सावकाराच्या वहीत आणि सासरच्या उंबऱ्यावरही असतो. याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथॅडोन यांनी असंख्य प्राण वाचवले आहेत, आणि ‘एक नशा सोडवून दुसरी लावता’ हा त्यांच्यावरचा आक्षेप, क्षमा करा, केवळ अडाणीपणाचा आहे.

घरातला हा ताण आपल्याकडे पूर्वीच ओळखला गेला होता. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याच्या उभारणीत पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा वाटा होता. उपचार घेणाऱ्याबरोबर त्याच्या पत्नीलाही बोलावून ‘सहचरी’ गटात बसवण्याची जी पद्धत तेथे रुजली, तिच्यामागे सीआरएफचा आलेख नव्हता, शहाणपण होते. आलेख तिला आता दुजोरा देतो आहे. सरकारदरबारची रीत मात्र वेगळी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून अभय देणारे ६४-अ हे कलम आहे. पण माझ्याकडे आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांच्या कानावर ते कधी गेलेले नसते. पोलीस चौकीची भीती हाही ताणच, आणि तो आपणच उत्पन्न केलेला.

म्हणून आजच्या दुपारच्या सत्रात, केंद्रातून घरी गेलेल्या रुग्णाच्या पाठपुराव्याचा जो नमुना ठरायचा आहे, त्याविषयी माझी एक सूचना आहे. ‘पदार्थ घेतला काय?’ या रकान्याच्या आधी दोन रकाने घालावेत : झोप कशी आहे, आणि घरात व कामावर काय चालले आहे. भेटीची पहिली पाच मिनिटे त्यांनाच द्यावीत. स्लिप झालेल्या माणसाला नव्या प्रवेशासाठी सहा-सहा महिने ताटकळत ठेवण्याचा जो नियम काही केंद्रांत आहे, तो रद्द करण्याचा ठरावही आपल्यापुढे येत आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्यावरील चर्चेसाठी मी आता व्यासपीठ मोकळे करतो.