लवजी नसरवानजी : मुंबईच्या गोदीचा मूळ पुरुष



आपल्या वर्धा नदीचे पाणी अखेर पूर्वसमुद्राला मिळते. पण याच खोऱ्यात पिकलेला आणि आर्वी-हिंगणघाटच्या बाजारांत तोललेला कापूस मात्र पश्चिमेस मुंबई बंदरी जाऊन जहाजांवर चढला. त्या बंदरात जहाजबांधणीचा पाया ज्याच्या हातांनी घातला गेला, त्या लवजी नसरवानजी वाडिया या सुरतेच्या पारशी सुताराचे चरित्र मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

त्याला मुंबईचा पहिला रहिवासी म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ती बेटे कोळ्यांची होती, आणि ईस्ट इंडिया कुंपणी सरकारचा अंमल बसण्यापूर्वी कित्येक पिढ्या त्यांची गलबते त्या पाण्यात फिरत होती. लवजी तेथे गेला तो एक धंदा रुजविण्यासाठी. १७३५ साली कुंपणीचा डडली नावाचा अधिकारी जहाज बांधून घेण्याकरिता सुरतेस आला असता, कामावरील मुकादम लवजी याचे कसब त्याच्या नजरेत भरले. मालकाची परवानगी मिळाल्यावर, १७३६ साली, काही सुतारांसह लवजी मुंबईस रुजू झाला. गोदीसाठी जागा निवडणे आणि उत्तरेकडील रानांतून तेथील नाईक-सरदारांशी सौदा करून सागवान मिळविणे, ही त्याची आरंभीची कामे. आणि सागवानाच्या या फेरीवरून परत येताना त्याने आपले कुटुंबही बरोबर आणले. मला या गोष्टीचे महत्त्व फार वाटते. तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या गोऱ्या अंमलदारांची झोप उडाली. अशा अनिश्चित काळात ज्याने बायकामुलांसह तेथे बिऱ्हाड थाटले, त्याने आपले भवितव्य त्या किनाऱ्याच्या स्वाधीन केले होते.

१७५० च्या सुमारास तेथे कोरडी गोदी उभी राहिली. जहाज आत घेऊन दार लावावयाचे, पाणी काढून टाकावयाचे, आणि मग तळाची लाकडे, खिळे, सांधे निवांतपणे तपासावयाचे, ही सोय ज्या बंदरात नाही ते बंदर केवळ आश्रयस्थान होय. शिवाय लाकूड सागाचे. ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळा गंजतो, तर सागातील तेलकटपणामुळे तो टिकतो. उष्ण समुद्रातील किडीसही साग सहजासहजी दाद देत नाही. इंग्लंडात चांगल्या ओकची टंचाई पडल्यावर तेथील आरमारखात्याची दृष्टी मुंबईकडे वळली, यात आश्चर्य कसले?

लवजी १७७४ साली वारला. जवळजवळ चाळीस वर्षे ज्याच्या हाताखालून कुंपणीची जहाजे गेली, त्याच्या मागे एक घर आणि वीस हजारांहून कमी रुपये राहिले, आणि त्याचे नातू फ्रामजी व जमशेटजी यांनी दरमहा बारा रुपयांवर साधे सुतारकाम करीत धंद्याची अक्षरे गिरविली. आजोबा मुख्य मिस्त्री असता नातवांना रंधा धरावयास लावणे, यातच मला त्या घराण्याच्या दीर्घायुष्याचे कारण दिसते. पुढे याच जमशेटजी बोमनजींनी १८१० मध्ये ७४ तोफांचे ‘मिंडेन’ हे लढाऊ जहाज समुद्रात लोटले, आणि १८१७ मध्ये ‘ट्रिंकोमाली’. ती दुसरी नौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगताना पाहावयास मिळते, आणि तिचा सांगाडा मुंबईत घडविलेल्या सागवानाचाच आहे.

आपल्या शाळांतील इतिहासात मुंबईच्या गव्हर्नरांची नावे आणि कारकिर्दी मुलांकडून पाठ करून घेतल्या जात. गोदीच्या या सुताराला मात्र त्यात ओळभरही जागा मिळत नसे. येथे जमलेल्या शिक्षकबंधूंना माझी विनंती आहे की, मुंबईचा धडा शिकविताना लवजीचे नाव त्यांनी मुलांना आवर्जून सांगावे.