पाळीतील वेदना आणि घरचे ताट

निपाणीकडे विड्या वळणारी काय किंवा बेळगाव भागात शेतात राबणारी काय, स्त्री पाळीतील असह्य कळा ‘बाईचा जन्मच असा’ म्हणून मुकाट्याने सोसते. परंतु दर महिन्यास अंथरूण धरावयास लावणारी वेदना हा स्त्रीधर्म नव्हे. ती एंडोमेट्रिओसिसची खूण असू शकते. प्रजननक्षम वयातील दहांपैकी सुमारे एका स्त्रीस हा विकार असतो. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात व तेथे दाह होतो.

आहाराचा संबंध येतो तो या दाहापाशी. अमेरिकेतील परिचारिकांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ट्रान्स मेद सर्वाधिक खाणाऱ्यांत हा विकार ४८ टक्के अधिक, तर माशांतील ओमेगा-३ मेद सर्वाधिक घेणाऱ्यांत २२ टक्के कमी आढळला. म्हणून त्याच त्या तेलातले तळण टाळावे. मासे चालत असतील त्यांनी बांगडा, तारली खावी. जवसाची चटणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी व उसळ ही तर आपली घरचीच संपत्ती होय.

तथापि पथ्य हा आधार आहे, औषधाची जागा ते घेत नाही. कळा सरत नसतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांस दाखवावे. आणि घरच्या मंडळींना एक विनंती: सर्वांमागून उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीस पथ्य सांगणे व्यर्थ होय. आधी तिचे ताट वाढा.