सकाळी आखडणारे हात

(महिला आरोग्य शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं शिक्षण घेतलं आणि वस्तीत काम करते. मग आज रोगप्रतिकारक यंत्रणेवर बोलायला मी का उभी राहिले? कारण ज्या प्रश्नानं मला हे वाचायला लावलं, तो वस्तीतूनच आला.

आमच्याकडे एक बाई येत असे. वय चौतीस. ती म्हणायची, "ताई, सकाळी माझे हात माझे नसतात." बोटं आखडलेली, भाकरी थापता येत नाही, कळशी धरवत नाही. दहा-अकरा वाजले की हात सुटायचे. सासू म्हणे, "कामाच्या वेळेलाच बरे हिचे हात दुखतात! दुपारी कशी ठणठणीत असते?" दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या मिळाल्या आणि वर 'फार विचार करत जाऊ नका' असा सल्ला. तीन वर्षांनी निदान झालं, ऱ्हुमॅटॉइड संधिवात. तोवर बोटं वाकडी झाली होती.

आता गंमत बघा. सकाळी सांधे आखडणं आणि तास-दोन तासांनी सैल होणं, ही या आजाराची ठळक खूण आहे. ज्या गोष्टीवरून घरानं तिला कामचुकार ठरवलं, त्याच गोष्टीवरून डॉक्टरांनी आजार ओळखला.

या आजारात आपलीच प्रतिकारयंत्रणा आपल्या सांध्यांवर उठते. २०२० च्या करोना साथीपासून आपण 'प्रतिकारशक्ती वाढवा' हे सारखं ऐकतो. काढे, गोळ्या, पावडरी. जणू ही शक्ती जितकी जास्त तितकी बरी. पण गेल्या तीस वर्षांतलं संशोधन सांगतं की शक्तीइतकाच तिच्यावरचा आवर महत्त्वाचा आहे.

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींत टी पेशी नावाचा एक प्रकार असतो. छातीत हृदयाच्या वर थायमस नावाची ग्रंथी आहे, तिथे त्या तयार होतात. स्वतःच्याच शरीरावर उठतील अशा बऱ्याचशा पेशी तिथेच बाद होतात. एवढ्यावर भागतं, अशी समजूत होती. १९९५ मध्ये जपानचे शिमोन साकागुची यांनी दाखवलं की इतर पेशींना आवर घालणाऱ्या वेगळ्याच टी पेशी शरीरात असतात. अनेक शास्त्रज्ञांना हे लगेच पटलं नाही. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रंकॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी उंदरांच्या एका जातीचा छडा लावला. तिच्यातले आजारी नर जन्मल्यावर काही आठवड्यांतच मरत, कारण त्यांची प्रतिकारयंत्रणा त्यांचंच शरीर पोखरत असे. त्यामागचा बिघडलेला जनुक या दोघांनी शोधला. त्याचं नाव फॉक्सपी३. साकागुचींच्या त्या पेशी याच जनुकामुळे घडतात, हे दोन वर्षांनी सिद्ध झालं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता आपला प्रश्न. शरीर स्वतःवरच उलटतं अशा आजारांच्या दर पाच रुग्णांत साधारण चार स्त्रिया असतात. ल्युपसमध्ये तर दहांत नऊ. असं का?

संप्रेरकांकडे पूर्वीपासून बोट दाखवलं जातं. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हॉवर्ड चँग यांच्या गटानं आणखी एक कारण पुढे आणलं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात आणि त्यांतलं एक बंद ठेवावं लागतं. हे काम झिस्ट नावाचा रेणू करतो. त्याच्याभोवती बरीच प्रथिनं गोळा होतात, आणि त्यांतल्या अनेकांवर प्रतिकारयंत्रणा चुकून उठू शकते. या गटानं नर उंदरांत झिस्ट तयार करवला. मग ल्युपससारखा आजार सुरू करणारं रसायन दिल्यावर, मुळात ज्यांच्या वंशात या आजाराचा कल होता, ते नरही जवळपास माद्यांइतकेच आजारी पडले.

म्हणजे नुसता झिस्ट पुरत नाही. अंगात तसा कल लागतो आणि वरून काहीतरी निमित्तही लागतं. हे लक्षात ठेवू या, कारण उद्या कोणी म्हणेल, 'बघा, बाईच्या शरीरातच खोट!' काल दुखणं मनाचं होतं, आज ते बाईपणाचं ठरेल. आपल्याला दोन्ही नको. आजार का होतो हे विज्ञान शोधेल. पण निदानाला तीन वर्षं का लागली, याचं उत्तर एक्स गुणसूत्रात सापडणार नाही. ते आपल्या घरात आणि दवाखान्यात शोधावं लागेल.

म्हणून काही गोष्टी घरी घेऊन जा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ सांधे आखडत असतील, सुजत असतील आणि हे काही आठवडे चाललं असेल, तर संधिवाततज्ज्ञांकडे पाठवा असं डॉक्टरांना ठामपणे सांगा. रक्ताची एक तपासणी नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असं होत नाही. उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, तोंडात फोड, वारंवार ताप अशी लक्षणं एकत्र असतील तर ल्युपसबद्दल विचारा. पुन्हापुन्हा गर्भपात होणाऱ्या बाईला 'हिचं पोटच टिकत नाही' म्हणण्याआधी रक्ताची तपासणी झाली का ते बघा. काहींच्या बाबतीत यामागेही प्रतिकारयंत्रणाच असते, आणि त्यावर उपचार आहेत. संधिवातावर मेथोट्रेक्सेट चालू असेल तर त्या काळात दिवस राहता कामा नयेत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. मनानं गोळ्या बंद करू नका, आणि घरच्यांनाही करू देऊ नका. 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' पावडरीवर पैसे घालवण्यापूर्वी चार वेळा विचार करा.

ती बाई आता औषधं घेते. वाकडी बोटं सरळ झाली नाहीत, पण सकाळचं पाणी मुलगा भरतो आणि भाकऱ्या नवरा थापतो, जाड्याभरड्या का होईना. मागच्या महिन्यात ती म्हणाली, "ताई, गोळीनं दुखणं कमी झालं. पण रिपोर्टचा कागद आला तेव्हा कुठं घरच्यांना मी खरी वाटले."

मला ते ऐकून बरंही वाटलं आणि रागही आला. बाईचं बोलणं खरं ठरायला कागद का लागावा? उद्या तुमच्या शेजारची एखादी म्हणाली, "सकाळी हात चालत नाहीत गं," तर एवढंच करा. आधी तिच्यावर विश्वास ठेवा, आणि मग तिच्याबरोबर दवाखान्यात जा.